खोकल्याचं बिऱ्हाड

पाहुणा आला की "किती दिवस मुक्काम?" असं त्याला विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. २०२३ च्या जानेवारीअखेर माझ्याकडे खोकला आला, तेव्हा मीही त्याला विचारलं नाही. डोंबिवलीत त्या दिवसांत थोडीफार थंडी होती, घरात सगळ्यांना सर्दी होऊन गेली होती. तिच्यामागून तिचा हा धाकटा भाऊ आला असेल, चार दिवस राहील नि जाईल, अशी माझी समजूत. सर्दी गेली. धाकटे भाऊ मात्र वळकटी सोडून बसले. होळी झाली, पाडव्याची गुढी उतरली, आंबे आले नि संपले, तरी बिऱ्हाड हलायचं चिन्ह दिसेना.

खोकलाही कसा, तर कोरडा. कफ नाही, ताप नाही, छातीत घरघर नाही. मक्याच्या कणसाचा केस घशात अडकावा तशी एक सुरसुरी उठायची आणि मग ठसक्यांची माळच लागायची. डोळ्यांत पाणी यायचं, पोटाच्या शिरा दुखायच्या. आणि जोराच्या खोकल्याबरोबर बायकांना या वयात आणखी एक धास्ती असते, ती माझ्या बरोबरीच्या भगिनींना सांगायला नको. आडवं पडलं की जास्त. हसलं की जास्त. फोनवर बोलायला लागलं की हमखास. नाशिकची लेक म्हणायची, "आई, तू आपली मेसेजच करत जा गं!"

तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. साठ मुलांचा गलका नुसत्या आवाजावर थांबवणारी बाई मी; ती आता रिक्षावाल्याला पत्ता सांगताना अडखळू लागली. एप्रिलात यांनी हौसेनं नाटकाची तिकिटं काढली. दुसऱ्या अंकात नायिका काही न बोलता नुसती खिडकीशी उभी राहते, सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसलेलं, आणि नेमकं त्याच वेळी माझ्या घशातलं कणीस जागं झालं. पुढच्या रांगेतल्या तीन माना वळल्या. तोंडात पदर कोंबून मी बाहेर पळाले आणि उरलेलं नाटक बटाटेवड्यांच्या टेबलाशी उभी राहून भिंतीपलीकडून ऐकलं. लोकलमध्ये मात्र खोकल्याचा फायदा झाला, हो, उगाच खोटं का बोला! बायकांच्या डब्यात चौथी सीट मिळवायची म्हणजे काय दिव्य असतं हे ठाऊकच आहे. पण २०२० सालच्या साथीनंतर खोकणाऱ्या माणसाला लोक अशी काही ऐसपैस जागा करून देतात, की मला दोनदा अख्खं बाक मिळालं. त्या रिकाम्या बाकावर बसून बरं मात्र वाटलं नाही.

खोकल्यावर औषध सांगायला पदवी लागत नाही. शेजार असला की पुरे. समोरच्या काकूंनी अडुळशाचा काढा पाठवला. दुसऱ्या मजल्यावरच्या नानांनी ज्येष्ठमधाची काडी दिली आणि ती कशी चघळावी, याचं प्रात्यक्षिकही दिलं. आमच्या विहीणबाईंचा सितोपलादि चूर्णावर भरवसा, भावजयीचा हळदीच्या दुधावर, आणि कामाला येणाऱ्या मावशींचा दृष्ट काढण्यावर. मी सगळं केलं. दृष्टसुद्धा काढून घेतली, मिरच्या जाळल्यावर मी इतकी खोकले, की मावशी म्हणाल्या, "बघा, केवढी लागली होती!"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं खरं, पण आतून मी हादरले होते. का, ते सांगायचं तर साठ वर्षं मागं जावं लागेल.

आमचं मूळ घर वाईचं. माझ्या आईची थोरली बहीण, आक्कामावशी, आमच्याकडेच राहायची. १९६४ साली, मी सात वर्षांची असताना, तिला खोकला लागला. तो क्षयाचा निघाला. तिला मिरजेच्या सॅनिटोरियममध्ये ठेवलं, स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आणि मूठमूठ गोळ्या असं दीड वर्ष चाललं आणि आक्का खडखडीत बरी होऊन परत आली. साल १९६४ होतं म्हणून. त्याआधी वीस वर्षं हाच रोग झाला असता तर चांगली हवा, दूध आणि देवाचं नाव यांपलीकडे घरच्या माणसांच्या हाती फारसं काही नसे.

आजारपणात तिच्यासाठी एक जर्मनचा पेला वेगळा काढला होता. ती बरी होऊन आल्यावर तो पेला वापर, असं तिला कुणी सांगितलं नाही. मी हे शपथेवर सांगते. माझी आई तशी नव्हती. पण वापरू नकोस, असंही कुणी सांगितलं नाही. आक्का आपली आपणच मागच्या खिडकीच्या कट्ट्यावरून तो पेला घ्यायची, पाणी प्यायची, स्वतः घासायची आणि तिथंच उपडा घालायची. १९९१ साली ती गेली, तीही हृदयविकारानं. मधल्या पंचवीस वर्षांत ती कधी खोकल्याचं मला आठवत नाही. पण आम्हां मुलांपैकी कुणी चुकून तो पेला उचललाच, तर तिचा हात झटकन पुढं यायचा. रागानं नव्हे. आपलं काहीतरी उघडं पडलं की आपण जसं सावरून घेतो, तसा.

पुढं मोठेपणी मी वाचलं, की मद्रासला १९५६ पासून डॉक्टरांनी हा प्रश्न मुद्दाम तपासून पाहिला होता. काही क्षयरोग्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या गरीब घरांत. औषधं दोघांना तीच दिली. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्या माणसांना रोगाची लागण जास्त झाली, असंही आढळलं नाही. १९५९ साली हे छापून आलं. क्षय पसरतो तो रोग्याच्या खोकल्याबरोबर हवेत उडणाऱ्या जंतूंनी, पेल्या-वाट्यांनी नाही. म्हणजे आक्का आजारी पडली, त्याच्या पाच वर्षं आधी मद्रासला जे ठाऊक होतं, ते आमच्या वाईच्या माजघरात पोचलं नव्हतं. आणि वाचल्यावरही, खरं सांगू का, माझ्या डोक्यात पोचलं तरी हातात पोचलं नाही. मे महिन्यात एके दिवशी मी बाजारातून निळ्या कडेचा एक कप घेऊन आले आणि कुणाला न सांगता ओट्याच्या टोकाला, खिडकीशी, वेगळा ठेवायला लागले. नात तेव्हा चार वर्षांची होती. ती मांडीवर येऊन बसली की मी तोंड फिरवून घ्यायची.

तोवर डॉक्टर सुरू झालेच होते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बाटल्या नि कॅप्सूल देऊन पाहिल्या आणि मार्चमध्ये एक्स-रे काढायला पाठवलं. खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला की आपल्याकडे आधी क्षयाची शंका फेडून घ्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. एक्स-रे स्वच्छ आला. मग थुंकीची तपासणी. कोरडा खोकला असणाऱ्या बाईनं सकाळी उठून डबीत थुंकी द्यायची म्हणजे आटलेल्या आडातून पोहरा भरायचा! कशीबशी दोन वेळा दिली. दोन्ही वेळा काही निघालं नाही. एवढ्यावर माणसाचं समाधान व्हावं की नाही? माझं झालं, पण एकच दिवस. दुसऱ्या दिवशी मन म्हणालं, सुटलं असेल नजरेतून.

छातीच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. आठ आठवड्यांच्या वर गेलेला खोकला जुनाट म्हणायचा. माणूस विडी-सिगारेट ओढत नसेल आणि एक्स-रे चांगला असेल, तर बहुधा तीन चोरांपैकी एक असतो: नाकातून मागच्या मागं घशात उतरणारा स्राव, धाप न लागता नुसता खोकूनच स्वतःला दाखवणारा दमा, नाहीतर जठरातलं आम्ल वर येणं. मग आम्ही तिघांच्याही घरची झडती घ्यायला निघालो. नाकात दुर्बीण घालून झाली, फवारे मारून झाले. एका नळीत "फुंका, फुंका, अजून फुंका, सोडू नका!" अशा गजरात फुंकून झालं, त्या यंत्राच्या मते माझी छाती माझ्यापेक्षा तरुण होती. तरीही खात्री असावी म्हणून काही आठवडे इनहेलर ओढला. मग आम्लाची पाळी. रात्रीचं जेवण सातला, संध्याकाळचा चहा बंद, आणि पलंगाचे उशाकडचे पाय विटांवर. त्या विटांचा परिणाम एवढाच झाला, की पहाटेपर्यंत आम्ही दोघं घसरगुंडीवरून उतरावं तसे पायथ्याशी जमा होऊ लागलो. खोकला होता तिथंच.

प्रत्येक ठिकाणी एक फॉर्म असायचा. नाव, वय, वजन, आणि 'सध्या चालू असलेली इतर औषधे'. या ओळीपुढं मी दर खेपेस सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नाहीत'. रक्तदाबही मोजायचे आणि म्हणायचे, "वा, या वयात अगदी छान आहे हं!" मीही मनातून खूष व्हायची.

जुलैतली गोष्ट. सकाळी मी स्वयंपाकघरात आले, तर सूनबाई ओट्याशी उभी राहून चहा पीत होती. तिच्या हातात निळ्या कडेचा कप. माझ्या अंगावर काटाच आला. "अगं, तो माझा आहे," मी म्हणाले. "हो," ती म्हणाली, "आणि आई, माझा त्या मांडणीवर आहे, तुम्ही तो घ्या." बस्स. पुढं ती काही बोलली नाही, मीही नाही. चहा संपवून तिनं दोन्ही कप एकत्र विसळले. तिला किती दिवसांपासून कळलं होतं, मी आजतागायत विचारलेलं नाही.

गणपतीत आरतीला मला दोन ओळीसुद्धा म्हणता येईनात. टाळ नातीच्या हातात देऊन मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. विसर्जन झालं आणि हे म्हणाले, "आता एकदा माझं ऐक." कल्याणला यांच्या ओळखीचे एक म्हातारे डॉक्टर आहेत, कधीकाळी त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. त्यांनी माझी छाती तपासली ती अखेरीस, आधी अर्धा तास नुसतं ऐकून घेतलं. खोकला कधी सुरू झाला, त्याआधीच्या दिवाळीत कुठं होता, त्या हिवाळ्यात काय काय झालं, असं सगळं. मग म्हणाले, "बाई, उद्या परत या. आणि येताना घरातली झाडून सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा. तुमच्या मनानं निवडानिवड करायची नाही. चूर्ण, मलम, कानाचे थेंब, काहीही सोडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी बाजाराची पिशवी त्यांच्या टेबलावर उपडी केली. लाज वाटावी असा संसार निघाला! खोकल्याच्या सात बाटल्या, तीन फवारे, इनहेलर, चूर्णाच्या पुड्या, गुडघ्याचं तेल, मुदत संपलेले कानाचे थेंब. डॉक्टर एकेक उचलून वाचत होते. शेवटची डबी ठेवून म्हणाले, "आणि?"

"एवढंच," मी म्हणाले.

"अगं," हे म्हणाले, "आणि ती चहाच्या डब्याजवळची?"

झालं होतं असं. २०२२ च्या डिसेंबरात मी लेकीकडे नाशिकला गेले होते. तिथं एकदा चक्कर आली, तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचं सांगून रोज सकाळी घ्यायला एक गोळी दिली. घरी आल्यावर विसरायला नको म्हणून मी ते पाकीट चहाच्या डब्याशेजारी ठेवलं. पहिल्या चहाबरोबर गोळी. संपली की हे केमिस्टकडून आणायचे. औषध म्हणजे आजारपणाचं, अशी माझी व्याख्या. ही गोळी माझ्या हिशेबात चहा-साखरेच्या खात्यात जमा होती. म्हणून ती ना कुठल्या फॉर्मवर गेली, ना त्या पिशवीत. चूक कुणा डॉक्टरची नव्हती, माझ्याच सुवाच्य अक्षराची होती.

यांच्या पाकिटात केमिस्टची पावती होती. (हे कुठलीच पावती टाकून देत नाहीत. त्यावरून मी आजवर त्यांना जे जे बोलले, ते परत घ्यायला तयार आहे.) डॉक्टरांनी पावती वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "रामिप्रिल. सापडला तुमचा भाडेकरू."

ज्या गोळ्यांच्या नावाला शेवटी 'प्रिल' असतं, त्यांचं हे घराणं. रक्तवाहिन्या आवळणारं एक द्रव्य आपल्या शरीरात ज्याच्यामुळे तयार होतं, त्या एन्झाइमला ही गोळी अडवते. वाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. पण तोच गडी शरीरात आणखी एक काम करत असतो. ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य मोडीत काढायचं कामही त्याच्याकडे. गड्याला घरी बसवला की दोन्ही कामं थांबणार! मग ते ब्रॅडिकायनिन साठत जातं आणि श्वासनलिकेत खोकला उठवणाऱ्या मज्जातंतूंना डिवचत राहतं, असं मानतात. ही गोळी घेणाऱ्या शंभरांत पाचांपासून पस्तिसांपर्यंत लोकांना असा खोकला झाल्याचे वेगवेगळे आकडे आहेत, आणि बायकांना तो जास्त होतो. कुणाला काही तासांत सुरू होतो, कुणाला कित्येक महिन्यांनी. माझा महिन्या-दीड महिन्यानं सुरू झाला, तोही सर्दीचं बोट धरून. म्हणून तर सगळे फसले.

गोळीची कुळकथा त्याहून नवलाची. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. त्याचं विष भिनलं की माणसाचा रक्तदाब कोसळतो. सर्जिओ फरेरा नावाच्या तिथल्याच शास्त्रज्ञानं १९६० नंतरच्या दशकात त्या विषात ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवणारं द्रव्य शोधून काढलं; त्या धाग्यावरून पुढं अमेरिकेत कुशमन आणि ओंडेट्टी यांनी कॅप्टोप्रिल हे औषध घडवलं, आणि १९८१ साली त्याला तिथं मान्यता मिळाली. या घराण्यानं तेव्हापासून लाखो माणसांची हृदयं नि मूत्रपिंडं सांभाळली आहेत, तेव्हा त्याला नावं ठेवायचं कारण नाही. परतताना गाडीत हे मात्र म्हणाले, "एवढी वर्षं संसार केला, फुत्कार आत्ता कळला." मी इतकी हसले, की अर्थातच खोकले.

डॉक्टरांनी रामिप्रिल बंद करून टेल्मिसार्टन दिली. 'सार्टन'वाल्या गोळ्या त्या गड्याला हात लावत नाहीत, पुढच्या पायरीवर वाट अडवतात. म्हणून खोकल्याचा त्रास त्यांनी सहसा होत नाही. "पण बाई, जादू नाही हं," ते म्हणाले. "एक ते चार आठवडे लागतात, क्वचित कुणाला तीन महिनेसुद्धा. थांबला तरच आपलं निदान खरं."

पहिल्या आठवड्यात फरक नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री लागोपाठ तासभर खोकले आणि अंधारात छताकडं बघत ठरवून टाकलं, की एक्स-रे चुकला, सगळेच चुकले, हे आक्काचंच आहे. त्या रात्री हे उठून बसले. बोलले काही नाहीत, नुसते पाठीवरून हात फिरवत राहिले. मग दसरा आला. सोनं द्यायला माणसं येत होती, जात होती. चार मजल्यांच्या मंडळींशी बोलून, हसून, रात्री भांडी आवरताना एकदम माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून आपण खोकललोच नाही. मी मुद्दाम आडवी पडून पाहिलं. वाट पाहत राहिले. कणीस उठलंच नाही.

बातमी इमारतभर झाली आणि तिचा भलताच परिणाम झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या नानांनी, त्यांनाही कधीमधी ठसका लागायचा म्हणून, आपली रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली! त्यांची गोळी होती अ‍ॅम्लोडिपिन. तिनं एखाद्याचे पाय सुजतील, पण तिचा नि खोकल्याचा संबंध नाही. चौथ्या दिवशी डोकं गरगरायला लागलं, दाब मोजला तर बराच वर. नानीनं त्यांना जे सुनावलं, ते आम्ही जिन्यातून ऐकलं. मला मात्र अपराधी वाटलं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीही माझी गोळी सोडली नव्हती, तेवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

दिवाळीच्या आधी सूनबाई माळा आवरत होती. आक्काच्या ट्रंकेतून आलेल्या वस्तू तिथं एका गाठोड्यात बांधलेल्या असतात. खाली उतरली ती हातात एक काळवंडलेला पेला घेऊन.

"आई, हा कुठला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, इतकी वर्षं घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते. तिनं ऐकून घेतलं, पेला राखेनं घासून लखलखीत केला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "चकलीचं माप म्हणून चांगला आहे हो. आपल्या वाटीचा नेहमी घोटाळा होतो."

त्या वर्षी भाजणी त्या पेल्यानं मोजली. चार पेले भाजणी, तितकंच पाणी, तेलाचं मोहन. तळणीपूर्वी चिवड्याची फोडणी झाली होती, मिरच्या जरा जास्तच पडल्या असाव्यात. घरातलं झाडून सगळं माणूस खोकायला लागलं, नात, सून, हे, मी. नात तेवढ्यातून डोळे पुसत माझ्याकडं बघून ओरडली, "आजी, तू पण?" आणि मी तिला उचलून गॅलरीत नेलं.

चकल्या चांगल्या झाल्या होत्या. जरा तिखट.